राजा, रयत आणि सहीविना करार

१६८९ सालच्या जानेवारीत लंडनमध्ये एक विचित्र मतदान झाले. राजा दुसरा जेम्स महिनाभरापूर्वी फ्रान्सला पळून गेला होता आणि आता पुढे काय, हे ठरवायला देशाचे प्रतिनिधी वेस्टमिन्स्टरला जमले होते. २८ जानेवारीला कॉमन्स सभागृहाने ठराव केला, की जेम्सने राजा आणि प्रजा यांच्यातला मूळ करार मोडला आहे, तो राज्य सोडून गेला आहे, सबब गादी रिकामी आहे. ठराव उमरावांच्या सभागृहात आला आणि तिथे मुळावरच बोट ठेवले गेले: असा काही करार खरोखर होता का? त्यावर मते घेण्यात आली. ५३ उमराव म्हणाले, होता. ४६ म्हणाले, नव्हता.

तो करार कोणीही डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. तो कधी झाला, कोणी कोणाशी केला, साक्षीला कोण होते, यातले काहीच कोणाला सांगता आले नसते. तरीही त्याच्या आधारावर एक राजा बाद झाला. हा देश या ठरावापर्यंत येऊन पोहोचला तो दोन पिढ्यांच्या रक्तरंजित अनुभवानंतर. त्या अनुभवातून दोन माणसांनी मानवी स्वभावाविषयी दोन अगदी वेगळे निष्कर्ष काढले. एकाचे नाव थॉमस हॉब्ज, दुसऱ्याचे जॉन लॉक. आज नीतिशास्त्राच्या आणि राज्यशास्त्राच्या पहिल्या धड्यात ही नावे शेजारीशेजारी येतात, आणि त्यांचे विचार जणू निवांत अभ्यासिकेत सुचले असावेत असे वाटते. प्रत्यक्षात दोघांनीही जीव मुठीत धरून देश सोडलेला होता.

राजा आणि पार्लमेंट यांच्यातल्या भांडणाचे मूळ पैशात होते आणि धर्मातही. १६२५ मध्ये गादीवर आलेल्या पहिल्या चार्ल्सची पक्की समजूत होती, की राजाला देव नेमतो आणि राजा देवालाच उत्तर देणे लागतो. लढायांना पैसा लागे आणि पैसा मंजूर करताना पार्लमेंट अटी घाली. १६२८ मध्ये पार्लमेंटने त्याच्याकडून कबूल करून घेतले, की संमतीशिवाय कर नाही आणि कारण दाखवल्याशिवाय कैद नाही. पुढच्याच वर्षी चार्ल्सने पार्लमेंट बरखास्त केले आणि अकरा वर्षे ते बोलावलेच नाही.

खजिना भरायला मग जुन्या दप्तरातून एक कर शोधून काढण्यात आला. युद्धाच्या वेळी किनाऱ्यावरच्या गावांनी आरमारासाठी जहाजे किंवा पैसे द्यायचे, अशी जुनी चाल होती. चार्ल्सने ही जहाजपट्टी शांततेच्या काळात लावली आणि १६३५ पासून समुद्र कधी न पाहिलेल्या परगण्यांवरही बसवली. बकिंगहॅमशायरचा जमीनदार जॉन हॅम्पडेन याने वीस शिलिंग द्यायला नकार दिला. रक्कम त्याच्यासारख्याला किरकोळ होती. पण संकट आहे की नाही हे राजा एकट्यानेच ठरवणार असेल, तर आपल्या मालमत्तेला राखण कोणाची, हा त्याचा सवाल होता. बारा न्यायाधीशांपुढे खटला चालला. सात राजाच्या बाजूने गेले, पाच विरुद्ध. राजा जिंकला खरा, पण पाच न्यायाधीश विरुद्ध गेल्याची बातमी देशभर झाली.

१६३७ मध्ये चार्ल्सने स्कॉटलंडच्या चर्चवर इंग्लिश धर्तीची नवी प्रार्थनापोथी लादली. एडिंबरोच्या सेंट जाइल्स चर्चमध्ये ती वाचायला घेताच दंगल उसळली आणि बघता बघता स्कॉटलंड हत्यारे घेऊन उभे राहिले. बंड मोडायला फौज हवी, फौजेला पैसा हवा. १६४० मध्ये राजाला झक मारत पार्लमेंट बोलवावे लागले. अकरा वर्षांचा साचलेला राग घेऊनच सभासद आले होते. राजाच्या विश्वासू माणसांची धरपकड सुरू झाली.

याच सुमाराला बावन्न वर्षांच्या एका शिक्षकाने लगबगीने सामान बांधून पॅरिस गाठले. थॉमस हॉब्जने राजसत्तेच्या बाजूने लिहिलेले एक हस्तलिखित हातोहात फिरत होते आणि त्यापायी आपल्याला अटक होईल असे त्याला वाटले. पळालेल्यांत आपण पहिले, हे तो पुढे स्वतःच सांगत असे.

भीती त्याला नवी नव्हती. १५८८ च्या एप्रिलमध्ये स्पेनचे आरमार इंग्लंडवर चालून येणार या आवईने त्याची आई घाबरली आणि तो दिवस भरण्याआधीच जन्मला. भीती आणि आपण जुळी भावंडे आहोत, असे त्याने म्हातारपणी लॅटिन पद्यात लिहून ठेवले आहे. बाप गावचा पाद्री. दुसऱ्या एका पाद्र्याशी मारामारी करून तो परागंदा झाला आणि हातमोजे विकणाऱ्या काकाने पोराला शिकवले. ऑक्सफर्डनंतर हॉब्ज कॅव्हेंडिश या श्रीमंत उमराव घराण्यात शिक्षक म्हणून राहिला, तो थोडीफार खंडित का होईना, जन्मभर. ग्रीसमधल्या यादवीचे वर्णन करणारा थ्युसिडिडीस त्याने इंग्रजीत आणला. चाळिशीत एका ग्रंथालयात उघड्या पडलेल्या युक्लिडच्या पुस्तकावर त्याची नजर गेली. पायथागोरसचे प्रमेय वाचून हे अशक्यच आहे असे तो म्हणाला. मग एकेक पायरी मागे जात मूळ गृहीतकांपर्यंत पोहोचला आणि त्या पद्धतीच्या प्रेमात पडला. माणसांच्या व्यवहारालाही अशीच भक्कम सिद्धता देता येईल का, हा ध्यास त्याला तिथून लागला.

तो पॅरिसमध्ये असताना मायदेशात यादवी पेटली. जानेवारी १६४२ मध्ये चार्ल्स शिपाई घेऊन पाच सभासदांना पकडायला खुद्द कॉमन्स सभागृहात शिरला. पाखरे आधीच उडाली होती. ऑगस्टमध्ये नॉटिंगहॅमला राजाचे निशाण उभारले गेले. एकाच घरातले भाऊ समोरासमोर आले. इंग्लंड आणि वेल्समध्ये लढाया आणि छावण्यांतली रोगराई मिळून दोन लाखांच्या आसपास माणसे दगावली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. १६४५ मध्ये नेझबीच्या लढाईत राजाचे कंबरडे मोडले.

जिंकलेल्या सैन्यात मात्र नवाच प्रश्न उभा राहिला: राजा हरला, आता राज्य कोणाचे? २८ ऑक्टोबर १६४७ पासून लंडनजवळच्या पटनी गावच्या सेंट मेरी चर्चमध्ये सेनापती, अधिकारी आणि शिपायांचे प्रतिनिधी समोरासमोर बसले. साध्या सैनिकांच्या आणि लेव्हलर्स म्हणून ओळखल्या जाणाऱ्या समतावाद्यांच्या वतीने एक मसुदा पुढे आला. त्याचा गाभा असा, की सत्ता लोकांच्या संमतीतून यावी आणि काही हक्कांना पार्लमेंटनेही हात लावू नये. कर्नल रेन्सबरोने मांडले, की गरिबातल्या गरिबालाही थोरामोठ्यांसारखेच आयुष्य काढायचे असते, तेव्हा ज्या सरकारखाली राहायचे त्याला त्याची संमती हवी. पार्लमेंटच्या सैन्याचा सेनानी क्रॉमवेल याचा जावई हेन्री आयर्टन लगेच उसळला. माणूस म्हणून जन्मला एवढ्यावर मत मिळणार असेल, तर उद्या त्याच आधारावर तो माझी जमीनही मागेल, असा त्याचा मुद्दा होता. वर्षाला चाळीस शिलिंग उत्पन्नाची स्वतःची जमीन असलेल्यालाच परगण्यात मत होते आणि ते तसेच राहावे, असे त्याला वाटत होते.

हे सारे आज शब्दशः वाचता येते, कारण विल्यम क्लार्क नावाचा चिटणीस तिथे बसून लघुलिपीत टिपून घेत होता. त्याचे कागद ऑक्सफर्डच्या वूस्टर कॉलेजमध्ये पडून राहिले आणि १८९१ मध्ये छापले गेले. म्हणजे हॉब्ज आणि लॉक यांचे ग्रंथ जगभर वाचले जात होते त्या दोनशे वर्षांत, शिपायांनी हाच वाद आधी घातला होता हे जवळपास कोणाला ठाऊकच नव्हते. रेन्सबरो वर्षभरात मारला गेला. १६४९ च्या मे महिन्यात क्रॉमवेलने बर्फर्डला समतावादी सैनिकांचे बंड चिरडले आणि तिघांना चर्चच्या आवारात गोळ्या घातल्या.

त्याआधीच, ३० जानेवारी १६४९ रोजी, चार्ल्सला व्हाइटहॉलमधल्या बँक्वेटिंग हाउससमोर उभारलेल्या मचाणावर आणले गेले. कडाक्याची थंडी होती. कापरे भरले तर लोकांना ते भीतीचे वाटेल, म्हणून त्याने दोन सदरे चढवले होते. कुऱ्हाडीच्या एका घावात राजाचे शिर धडावेगळे झाले. जवळच्याच वेस्टमिन्स्टर शाळेत त्या दिवशी मुलांना आत ठेवून मुख्याध्यापक रिचर्ड बझ्बी राजासाठी प्रार्थना घेत होते. त्या शाळेतल्या सोळा वर्षांच्या एका मुलाचा बाप राजाविरुद्ध पार्लमेंटच्या फौजेत कॅप्टन होता. तो मुलगा म्हणजे जॉन लॉक.

राजाला मारून देश सुखी झाला नाही. नव्या प्रजासत्ताकाने सर्व प्रौढ पुरुषांकडून निष्ठेची शपथ मागितली. ज्यांनी पूर्वी राजाशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घेतली होती, त्यांनी आता काय करावे? शपथ मोडणे हे पाप. न मोडावी तर कोर्टकचेरीचे दरवाजे बंद. हजारो घरांपुढचा हा खराखुरा नैतिक पेच होता आणि १६५१ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या हॉब्जच्या ‘लेव्हायथन’ने त्यालाच हात घातला.

पुस्तकाच्या मुखचित्रात डोंगरामागून एक अजस्र राजा वर आलेला दिसतो. एका हातात तलवार, दुसऱ्यात धर्मदंड. नीट पाहिले की कळते, त्याचे अंग तीनशेहून अधिक छोट्या माणसांचे बनलेले आहे आणि सगळे त्याच्या तोंडाकडे पाहत उभे आहेत. पुस्तकाचा सगळा युक्तिवाद त्या चित्रात आहे. हॉब्ज माणसाला दुष्ट म्हणत नाही. त्याच्या मते माणसे साधारण सारख्याच ताकदीची असतात, कारण दुबळ्यातला दुबळाही झोपेत किंवा कटाने बलवानाला मारू शकतो. एकाच वस्तूवर दोघांचा डोळा, दुसऱ्याचा भरवसा नसणे आणि मानापमान, ही भांडणाची तीन कारणे. वर कोणाचा धाक नसेल तर चांगली माणसेही आधी वार करतील, कारण थांबणे धोक्याचे असते. अशा स्थितीत शेती, व्यापार, विद्या काहीच टिकत नाही. पटत नसेल तर तुम्ही स्वतः रात्री दाराला कडी का घालता ते सांगा, असे तो वाचकाला विचारतो. तीही कायदे आणि पहारेकरी असलेल्या देशात.

चांगले-वाईट ही मोजमापेही, त्याच्या हिशेबी, ज्याच्या त्याच्या आवडीनिवडीची. म्हणून सगळ्यांनी आपसात करार करून आपले हक्क एका सार्वभौम सत्तेकडे सोपवायचे. हा करार माणसामाणसांतला आहे, राजाशी केलेला नाही. त्यामुळे राजाने तो मोडला असे म्हणायला जागाच उरत नाही. फायदा असेल तेव्हा वचन का मोडू नये, असे म्हणणाऱ्याला हॉब्जने मूर्ख ठरवले आहे, कारण त्याच्यावर पुन्हा कोणी विश्वास टाकत नाही. आणि शपथेचा पेच? जी सत्ता तुमचे रक्षण करू शकते तिची आज्ञा पाळा. रक्षण संपले की बांधिलकी संपली.

या शेवटच्या वाक्याने राजाचे लोक भडकले. चार्ल्सच्या मुलाला पॅरिसमध्ये गणित शिकवणारा हा माणूस आता क्रॉमवेलला मुजरा करण्याची सोय करून देतो, असे त्यांना वाटले. परागंदा दरबाराचे दार बंद होताच हॉब्ज त्याच प्रजासत्ताकाच्या आश्रयाला लंडनला परतला. सत्ता देवाकडून येत नाही, माणसांच्या गरजेतून येते, हे सांगितल्यामुळे पाद्रीही त्याच्यावर तुटून पडले.

१६६० मध्ये राजेशाही परत आली. दुसऱ्या चार्ल्सने लंडनच्या रस्त्यात आपल्या जुन्या मास्तरांना पाहून टोपी काढली आणि वर्षाला शंभर पौंड पेन्शन बांधून दिले. याच राजाला पोर्तुगालच्या राजकन्येशी झालेल्या १६६१ च्या विवाहकरारात मुंबई आंदण मिळाली आणि १६६८ मध्ये त्याने ती वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. बेटावरच्या कोळी-भंडाऱ्यांना ना लग्नाच्या वेळी कोणी विचारले, ना भाडेपट्ट्याच्या वेळी.

लंडनमध्ये १६६५ ला प्लेग आला, १६६६ ला शहर जळाले. देवाचा कोप झाला म्हणताच कॉमन्स सभागृहात नास्तिकतेविरुद्ध विधेयक आले आणि समितीला तपासायच्या पुस्तकांत ‘लेव्हायथन’चे नाव होते. विधेयक बारगळले. हॉब्जचा मित्र जॉन ऑब्री याने त्या काळातली एक आठवण टिपून ठेवली आहे. रस्त्यावरच्या आजारी म्हाताऱ्याला हॉब्जने पैसे दिले, तेव्हा सोबतच्या पाद्र्याने विचारले, ख्रिस्ताची आज्ञा नसती तर दिले असते का? हॉब्ज म्हणाला, हो. त्याची दैना बघून मलाच त्रास होत होता. पैशाने त्याला आराम पडला आणि मलाही. माणूस दुसऱ्यासाठी करतो तेही स्वतःसाठीच, या त्याच्या मताचा हा पुरावा मानायचा, की त्या मताला दिलेला तडा? वाचणारे अजून यावर वाद घालतात. १६७९ मध्ये तो वयाच्या ९१ व्या वर्षी वारला.

तोवर दुसरे वादळ उठले होते. राजाला औरस मूल नव्हते आणि वारस होता कॅथलिक भाऊ जेम्स. त्याला गादीपासून दूर ठेवण्याची मोहीम लॉर्ड शाफ्ट्सबरीने चालवली. त्याच्या पदरी एक डॉक्टर होता. १६६८ मध्ये यकृतावरच्या गळवाची शस्त्रक्रिया करवून, आत चांदीची नळी बसवून त्याने शाफ्ट्सबरीचा जीव वाचवला होता. हा डॉक्टर म्हणजे लॉक. १६६० मध्ये तो राजसत्तेचा कैवारी होता. शाफ्ट्सबरीच्या घरी त्याचे मत पालटले. त्याच वेळी राजपक्षाने रॉबर्ट फिल्मरचे जुने पुस्तक छापले. सगळे राजे आदमचे वारस आणि प्रजा ही त्यांची लेकरे, असा त्याचा दावा. त्याला उत्तर देताना लॉकने माणसाचे वेगळेच चित्र काढले.

लॉकच्या मते राज्य येण्याआधीही माणसाला बरे-वाईट कळते. कोणाच्या जिवाला, स्वातंत्र्याला, मालमत्तेला धक्का लावू नये, हे बुद्धीच सांगते. माणसे बहुतेक वेळा नीट वागतात. अडते ते तंटा झाल्यावर. प्रत्येकजण आपल्याच खटल्याचा न्यायाधीश होतो, आणि रागावलेला माणूस गुन्ह्यापेक्षा मोठी शिक्षा देतो. म्हणून लोक निवाड्याचा आणि शिक्षेचा अधिकार तेवढा सरकारकडे सोपवतात, तोही विश्वासाने ठेव ठेवावी तसा. ठेव बुडवली तर ती परत घेता येते. हॉब्जने यादवी पाहिली आणि त्याला राजा नसण्याची भीती वाटली. लॉकला लगाम नसलेल्या राजाची वाटली.

असे लिहिणे म्हणजे गळ्याला फास होता. १६८३ मध्ये राजाच्या खुनाचा कट उघडकीला आला. त्यात गोवून राजसत्तेचा विरोधक अल्जर्नन सिडनी याच्यावर राजद्रोहाचा खटला भरला गेला. कायद्याने दोन साक्षीदार हवे होते आणि मिळाला एकच. तेव्हा फिल्मरविरुद्ध सिडनीने लिहिलेले अप्रकाशित हस्तलिखितच दुसरा साक्षीदार मानून त्याचे डोके उडवण्यात आले. ऑक्सफर्ड विद्यापीठाने चौकात होळी करून राजद्रोही पुस्तके जाळली. त्यांत राजसत्तेची बाजू घेणारा ‘लेव्हायथन’ही होता. लॉक हॉलंडला पळाला, कॉलेजातून राजाज्ञेने काढला गेला आणि काही काळ डॉक्टर फान डर लिंडेन या खोट्या नावाने लपून राहिला.

१६८५ मध्ये जेम्स राजा झाला. कायदे तहकूब करून त्याने कॅथलिकांना सैन्यात आणि सरकारात नेमले. जून १६८८ मध्ये त्याला मुलगा झाला आणि हे एका राजापुरते संपणार नाही हे विरोधकांना कळून चुकले. सात बड्या लोकांनी जेम्सच्याच जावयाला, हॉलंडच्या विल्यमला, निमंत्रण धाडले. ५ नोव्हेंबरला तो टॉर्बेच्या किनाऱ्यावर उतरला. जेम्सची फौज फुटली. पळताना त्याने राजमुद्रा थेम्स नदीत फेकली, कोळ्यांनी त्याला पकडले, आणि मग विल्यमनेच सोयीस्करपणे दुसऱ्यांदा पळू दिले. इंग्लंडात रक्त फारसे सांडले नाही. आयर्लंडमध्ये पुढची दोन वर्षे ते भरपूर सांडले.

गादी विल्यम आणि त्याची बायको मेरी यांना मिळाली. डिसेंबर १६८९ मध्ये हक्कांची सनद कायदा झाली. कायदा तहकूब करणे, कर बसवणे, शांततेत खडी फौज ठेवणे, या साऱ्याला पार्लमेंटची संमती आवश्यक ठरली. त्याच वर्षी फेब्रुवारीत मेरीच्याच जहाजातून परतलेल्या लॉकने फिल्मरला उत्तर देणारे आपले पुस्तक वर्षाअखेर निनावी छापले. बराचसा मजकूर क्रांतीआधीचा होता, तरी वाचकांना तो क्रांतीचे समर्थन वाटला. आपणच लेखक असल्याची कबुली त्याने १७०४ मध्ये मृत्यूच्या तोंडावर मृत्युपत्रात दिली.

या करारात कोण होते आणि कोण नव्हते, हे बघितले की त्याची मर्यादा दिसते. लॉक कॅरोलायना वसाहतीच्या मालकांचा चिटणीस होता. त्या वसाहतीच्या १६६९ च्या घटनेने स्वतंत्र माणसाला आपल्या काळ्या गुलामावर संपूर्ण सत्ता दिली होती. आणि गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीत लॉकचे पैसे गुंतलेले होते. मेरी ॲस्टेलने १७०६ मध्ये नेमका प्रश्न केला: सगळे पुरुष जन्मतः स्वतंत्र असतील, तर सगळ्या बायका जन्मतः गुलाम कशा? १७४८ मध्ये डेव्हिड ह्यूमने दाखवून दिले, की बहुतेक राज्ये तलवारीने उभी राहिली, करार करायला कोणी जमलेच नव्हते. रूसोने १७५५ मध्ये म्हटले, की हॉब्जने नैसर्गिक माणूस म्हणून जो दाखवला तो मुळात समाजाने बिघडवलेला माणूस आहे.

टीका बिनतोड होती, पण कल्पना मेली नाही. सत्तेने आपले समर्थन ज्याच्यावर ती चालते त्याच्यापुढे मांडले पाहिजे, ही मागणी तिच्यातून निघाली होती आणि ती मागे घेता येण्यासारखी नव्हती. १७७६ मध्ये अमेरिकन वसाहतींनी तीच इंग्लंडच्या राजावर उलटवली. १७९० मध्ये एडमंड बर्क म्हणाला, १६८८ ची व्यवस्था पुढच्या पिढ्यांनाही बंधनकारक आहे. थॉमस पेनने १७९१ मध्ये ‘राइट्स ऑफ मॅन’ लिहून त्याला उत्तर दिले, की मेलेल्यांच्या पार्लमेंटला जिवंत माणसांना बांधून घालण्याचा हक्कच नाही. हेच पुस्तक १८४७ मध्ये पुण्यात जोतीराव फुल्यांच्या हाती पडले. जन्माने ठरलेल्या उच्चनीचतेला, पोथीच्या आधारावर चाललेल्या सत्तेला त्यांनी पुढे जे प्रश्न विचारले त्यांत पेनच्या वाचनाचा वाटा होता. लॉकने ज्या गुलामांना वगळले होते, त्यांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली. आणि १८९१ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म’ पुस्तकात स्वातंत्र्याचा हक्क स्त्री आणि पुरुष दोघांचाही आहे, असे स्पष्ट मांडले.

खुद्द ब्रिटनमध्ये, पटनीच्या चर्चमध्ये शिपायांनी मागितलेले मत सर्व प्रौढ पुरुषांना १९१८ मध्ये मिळाले. स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने ते मिळायला १९२८ साल उजाडावे लागले.